‘पाणी सुटणे’ आणि ‘पाणी ओढणे’ : पेशीपटलातून होणाऱ्या परासरणाचा विचार

चिरलेल्या काकडीवर चिमूटभर मीठ टाकले, की थोड्याच वेळात ताटलीच्या तळाशी पाणी साचते. या साध्या घटनेचे वर्णन मराठी भाषिक दोन प्रकारांनी करतो. स्वयंपाकघरात ‘काकडीला पाणी सुटले’ असे म्हणतात. वर्गात ‘मिठाने काकडीतील पाणी ओढून घेतले’ असे सांगितले जाते. पहिल्या वाक्यात क्रियापद अकर्मक आहे, काकडी चतुर्थीत आहे, आणि ही क्रिया कोणी घडवून आणली याविषयी वाक्य मौन पाळते. दुसऱ्या वाक्यात मीठ हा स्पष्ट कर्ता आहे, पाणी हे कर्म आहे, आणि मिठाच्या ठिकाणी ओढण्याची काही शक्ती आहे असे गृहीत धरलेले आहे. दुसरे वाक्य अधिक शास्त्रीय वाटते, कारण त्यात कारण सांगितल्यासारखे दिसते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की त्यात सांगितलेले कारण चुकीचे आहे, आणि स्वयंपाकघरातील मौन हे वर्गातील स्पष्टीकरणापेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात पडण्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी जीवशास्त्राच्या एका मराठी परिचयपुस्तिकेची भाषा तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. तीत ‘मिठाच्या द्रावणाद्वारे पाणी ओढले जाते’ असे वाक्य होते. ‘द्वारे’चा हा कर्मणी प्रयोग मराठीच्या वळणाचा नाही म्हणून त्याने ते ‘मिठाचे द्रावण पाणी ओढते’ असे बदलले आणि आपण भाषा सुधारली असे समाधान मानले. पुढे पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी ते वाक्य वाचून, ‘तुम्ही चूक अधिक ठळक केलीत’ असा अभिप्राय दिला. तो अभिप्राय प्रथम समजलाच नाही. तो समजून घेण्यासाठी जे वाचन करावे लागले, त्याचे फलित येथे मांडले आहे. ज्या विद्यार्थ्यांना परिभाषा घडविण्याचे किंवा शास्त्रीय अनुवादाचे काम पुढे करावयाचे आहे, त्यांना ते उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम घटनेचा इतिहास. १७४८ मध्ये फ्रान्समधील आबे नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या एका भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पातळ कातड्याने घट्ट बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी कातडे बाहेर फुगून ताणले गेले. त्यास टाचणीने टोचताच आतील द्रव कारंज्यासारखा उडाला. बाहेरचे पाणी आत शिरले होते, आतील मद्यार्क मात्र त्या प्रमाणात बाहेर पडला नव्हता. नोले यांचे लक्ष वस्तुतः दुसऱ्याच प्रश्नाकडे होते, आणि या निरीक्षणास त्यांनी नाव दिले नाही. ते काम सुमारे ऐंशी वर्षांनी, १८२६ नंतरच्या काळात, आंरी द्युत्रोशे यांनी केले. ‘आत ढकलणे’ आणि ‘बाहेर ढकलणे’ अशा अर्थाचे एंडॉस्मोज व एक्सॉस्मोज हे दोन शब्द त्यांनी ग्रीकवरून बनविले. १८५४ मध्ये टॉमस ग्रॅहॅम यांनी उपसर्ग गाळून ‘ऑस्मोज’ एवढेच ठेवले, आणि त्याचेच पुढे ऑस्मॉसिस झाले. मूळ ग्रीक धातूचा अर्थ ‘ढकलणे, लोटणे’ असा आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता मराठीतील शब्द पाहा. मराठी विश्वकोशात या क्रियेस ‘तर्षण’ म्हटले आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘परासरण’ हा शब्द रूढ आहे, आणि हिंदीतही तोच आहे. ‘तर्षण’ हा तृष् धातूपासून आला. तृषा, तृष्णा हे त्याचे सोयरे. म्हणजे द्रावणाला तहान लागते आणि ते पाणी पिते, अशी कल्पना त्या शब्दाच्या पोटात आहे. ‘परासरण’ हा सृ धातूपासून आलेला. सरकणे, वाहत जाणे एवढाच त्याचा अर्थ. ‘परा’ने पलीकडे जाण्याची दिशा सुचविली. एका घटनेला तीन नावे मिळाली: ग्रीक नावात धक्का आहे, विश्वकोशाच्या नावात ओढ आहे, पाठ्यपुस्तकाच्या नावात केवळ गती आहे. शब्द घडविणाऱ्यांनी हेतुपुरस्सर तीन उपपत्ती निवडल्या असे सुचवावयाचे नाही. परंतु संज्ञा ही कधीच रिकामी नसते, आणि विद्यार्थी व्याख्येआधी संज्ञेचा अर्थ ऐकतो. (जाता जाता, ‘विसरण’ या शब्दाचे हाल याहून वाईट आहेत. रेणूंच्या आपोआप पसरण्याला वापरलेला हा वि + सृ पासूनचा शब्द मराठी कानाला स्मृतिभ्रंशाची आठवण करून देतो. ‘विसरणे’ हे क्रियापद वि + स्मृ पासून आलेले आहे, पण कानाला व्युत्पत्ती कळत नाही.)

ओढीची उपपत्ती तपासू. मीठ किंवा साखर यांना पाण्याविषयी आकर्षण असते, म्हणून पाणी त्यांच्याकडे जाते, असे म्हटले तर एक परिणाम अटळ ठरतो: ज्या पदार्थास पाण्याविषयी आकर्षण अधिक, त्याचे परासरणही अधिक असले पाहिजे. प्रत्यक्षात तसे आढळत नाही. १८७७ मध्ये व्हिल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी चिनी मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत कॉपर फेरोसायनाइडचा पापुद्रा बसवून, पाणी जाऊ देणारे पण साखर अडविणारे टिकाऊ पटल तयार केले, आणि पाण्याचा आत येणारा ओघ थांबविण्यास किती दाब लागतो ते मोजले. एक टक्का साखरेच्या द्रावणास सुमारे ५३ सेंटिमीटर पाऱ्याच्या स्तंभाइतका दाब लागला. द्रावण दुप्पट तीव्र केले की दाबही जवळजवळ दुप्पट झाला. हे आकडे ॲम्स्टरडॅमचे रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांना त्यांचे सहकारी ह्यूगो द व्रीस यांच्याकडून समजले. १८८७ मध्ये व्हान्ट हॉफ यांनी दाखविले, की विरल द्रावणाचा हा दाब, तितकेच रेणू तितक्याच आकारमानात व तितक्याच तापमानास वायुरूपात असते तर जो दाब पडला असता, तेवढाच असतो. लिटरमध्ये एक ग्रॅम-रेणू असलेल्या आदर्श द्रावणासाठी शून्य अंश सेल्सियसला तो सुमारे २२.४ वातावरण इतका येतो. १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कामाचा वाटा होता.

या नियमातील मर्म असे, की दाब रेणूंच्या संख्येवर अवलंबून आहे, त्यांच्या जातीवर नाही. साखर असो, ग्लुकोज असो वा युरिया. त्यांस न जाऊ देणाऱ्या पटलापाशी तितक्याच रेणूंचा परिणाम तितकाच. मिठाचा परिणाम जवळजवळ दुप्पट, कारण ते पाण्यात दोन आयनांत विभागते. पाण्याशी या पदार्थांचे संबंध परस्परांहून अगदी भिन्न आहेत. आकर्षण हेच कारण असते, तर निसर्गाने येथे अशी निरपेक्ष मोजदाद केली नसती. अतितीव्र द्रावणांत पदार्थाच्या जातीने फरक पडतो हे खरे. पण तो नियमापासूनचा ढळ होय, नियम नव्हे.

ओढीची उपपत्ती सोडल्यावर बहुतेक पुस्तके दुसऱ्या उपपत्तीकडे वळतात, आणि ती अधिक फसवी आहे. ती अशी: शुद्ध पाण्यात पाण्याची संहती अधिक, द्रावणात साखरेने जागा अडविल्यामुळे ती कमी, म्हणून पाणी अधिक संहतीकडून कमी संहतीकडे ‘विसरित’ होते. ही मांडणी सुटसुटीत आहे, परीक्षेत गुण मिळवून देते, आणि प्रस्तुत लेखकानेही ती अनेक वर्षे खरी मानली होती. तिच्याविरुद्ध दोन बळकट आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप मोजमापाचा. सर्वच पदार्थ विरघळल्यावर पाण्याची जागा अडवितात असे नाही. मॅग्नेशियम सल्फेट अगदी थोड्या प्रमाणात पाण्यात टाकले, तर त्याचे आयन भोवतीच्या रेणूंना इतके आवळून धरतात, की द्रावणाचे आकारमान मूळच्या पाण्यापेक्षाही किंचित कमी भरते. म्हणजे त्या द्रावणात दर लिटरला पाण्याचे रेणू शुद्ध पाण्यापेक्षा थोडे अधिकच असतात. संहतीची उपपत्ती खरी असती, तर पाणी द्रावणातून बाहेर पडावयास हवे होते. ते आतच जाते.

दुसरा आक्षेप वेगाचा. १९५३ मध्ये कोपनहेगन येथे कूफूड-योनसेन व उसिंग यांनी बेडूकवर्गीय प्राण्यांच्या त्वचेतून जड पाणी किती वेगाने विसरित होते आणि परासरणाने पाणी किती वेगाने जाते, यांची तुलना केली. परासरणाचा ओघ केवळ विसरणाच्या हिशेबात बसेना; पोष ग्रंथीच्या पश्चखंडातील संप्रेरक दिल्यावर तर ही तफावत फारच वाढली. १९५७ मध्ये ॲलेक्स मॉरो यांनी कृत्रिम सच्छिद्र पटलावर हेच दाखविले: एकाच पटलातून परासरणाने जाणारे पाणी आणि तितक्याच यांत्रिक दाबाने लोटलेले पाणी सारख्याच वेगाने जाते, आणि तो वेग विसरणाच्या वेगाहून कितीतरी अधिक असतो. पाण्याचे रेणू एकेकटे भटकत पलीकडे जात नव्हते. छिद्रांतून ते एकसंध वाहत होते, जणू कोणी दाबाने लोटावे तसे.

मग लोटतो कोण? याचे उत्तर पीटर डिबाय यांनी १९२३ मध्येच सुचविले होते. पाठ्यपुस्तकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. क्रेमर व मायर्स यांनी २०१२ मध्ये पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांसाठी लिहिताना परासरणाविषयीच्या रूढ गैरसमजांचा परामर्श घेतला, तेव्हा याच उत्तराची त्यांनी नव्याने मांडणी केली. ते सावकाश समजून घेण्यासारखे आहे.

पटलाच्या एका बाजूस शुद्ध पाणी आहे, दुसऱ्या बाजूस साखरेचे द्रावण आहे, आणि आरंभी दोहोंचा दाब सारखाच आहे असे धरू. पटलात सूक्ष्म छिद्रे आहेत. त्यांतून पाणी जाते, साखर जात नाही. उष्णतेमुळे सर्व रेणू अखंड हालचाल करीत आहेत. साखरेचा एखादा रेणू छिद्राच्या तोंडाशी येतो आणि पटल त्यास परतवून लावते. परतवून लावणे म्हणजे त्यावर द्रावणाच्या दिशेने बल लावणे होय. परतलेला रेणू रिकाम्या जागेत जात नाही. भोवती पाण्याचीच दाटी आहे. तो त्या रेणूंवर आदळतो आणि पटलाकडून मिळालेला धक्का त्यांच्याकडे सोपवितो. अशा रीतीने पटलाने साखरेस दिलेला धक्का अखेरीस पाण्यास पोहोचतो आणि छिद्राच्या तोंडाजवळचे पाणी पटलापासून दूर, द्रावणाच्या आत, लोटले जाते. परिणामी छिद्राच्या त्या टोकाशी पाण्याचा दाब घटतो. शुद्ध पाण्याच्या बाजूस परतवून लावण्याजोगे कोणी नाही. तेथील दाब पूर्ववत् राहतो. छिद्रातील पाण्याच्या दोन टोकांवर आता असमान दाब आहे, आणि पाणी अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. यात गूढ असे काही उरत नाही. पटल किती रेणूंना किती जोराने परतविते, हे त्यांच्या संख्येवर आणि तापमानावर ठरते, जातीवर नाही. वायूच्या नियमाशी असलेले साम्य येथून आले. द्रावणाच्या बाजूस बाहेरून तेवढाच अधिक दाब दिला की घट भरून निघते व ओघ थांबतो. त्याहून अधिक दिला की तो उलटा फिरतो. घरोघरच्या आरओ यंत्रात होते ते हेच.

हीच गोष्ट ऊष्मागतिकीच्या भाषेतही सांगता येते: विरघळलेल्या पदार्थामुळे पाण्याचे रासायनिक विभव खाली येते, आणि पाणी अधिक विभवाकडून कमी विभवाकडे जाते. हे विधान निर्दोष आहे व कोणत्याही पटलास लागू पडते. पण ते पाणी कोठे जाईल एवढेच सांगते. कसे जाईल हे सांगत नाही. विद्यार्थ्याच्या ‘का?’ला ते पुरेसे उत्तर आहे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. प्रस्तुत लेखकास ते पुरेसे वाटत नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने या सर्वातून निघणारी गोष्ट मोठी मनोरंजक आहे. आपल्या रूढ वाक्यांत कर्ता असतो मीठ वा साखर, आणि पटल येते ते ‘पटलातून’ अशा रूपात, म्हणजे केवळ वाट म्हणून. वस्तुस्थिती उलट आहे. पटल नसेल तर पेल्यातील साखर पाण्यात मुकाट्याने पसरते. ओघ नाही, दाब नाही. निवड करणारे, अडविणारे, धक्का देणारे पटल हेच या घटनेतील खरे कारक आहे, आणि आपण त्यालाच अव्ययाच्या कोपऱ्यात बसविले आहे. पाठ्यपुस्तकातील ‘निवडक्षम पारपटल’ ही संज्ञा उच्चारास अवघड असली, तरी ‘निवडक्षम’ या विशेषणाने पटलास थोडे कर्तृत्व बहाल करते. विश्वकोशीय ‘अर्धपार्य’मध्ये ते नाही, शिवाय ‘अर्ध’ म्हणजे निम्मे पाणी जाते की काय, अशी शंका विद्यार्थ्यास येते.

जिवंत पेशीचे पटल फेफर यांच्या पापुद्र्याहून बरेच निराळे आहे. सुमारे पाच नॅनोमीटर जाडीचा तो स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर होय. त्यांची पाण्याशी जुळणारी टोके बाहेरच्या अंगास आणि पाण्याला टाळणाऱ्या शेपट्या आतल्या अंगास असतात. या स्निग्ध थरातूनही थोडे पाणी जाते. रेणू त्यात विरघळून पलीकडे निघतात, आणि तेवढ्या वाटेपुरता ‘विसरण’ हा शब्द यथार्थ आहे. परंतु तांबड्या रक्तपेशी व मूत्रपिंडातील काही पेशी यांच्या पटलांतून पाणी इतक्या त्वरेने जाते, की स्वतंत्र छिद्रे असलीच पाहिजेत असा तर्क उसिंग यांच्या काळापासून केला जात होता. छिद्र सापडत नव्हते. १९८८ मध्ये अमेरिकेत पीटर ॲग्रे व त्यांचे सहकारी रक्तगटाशी संबंधित एक प्रथिन शोधीत असताना त्यांना एक अनोळखी प्रथिन विपुल प्रमाणात आढळले. १९९२ मध्ये त्यांनी त्या प्रथिनाचा आरएनए बेडकाच्या अंड्यांत टोचला. बेडकाची अंडी गोड्या पाण्यात सुरक्षित राहतात, कारण त्यांच्या पटलातून पाणी फार सावकाश शिरते. टोचलेली अंडी मात्र विरल द्रावणात ठेवताच फुगली आणि थोड्याच मिनिटांत फुटली. न टोचलेली जशीच्या तशी राहिली. पाण्याची वाट सापडली होती. या प्रथिनास ॲक्वापोरिन हे नाव मिळाले, आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ॲग्रे यांना, आयनांच्या वाटांवर काम करणाऱ्या रॉडरिक मॅकिनन यांच्यासह, देण्यात आले.

या वाटेचा सर्वांत अरुंद भाग जवळजवळ पाण्याच्या एका रेणूएवढाच, सुमारे ०.२८ नॅनोमीटर, रुंद आहे. रेणू एकामागे एक अशा रांगेत जातात, आणि तरीही एका वाटेतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू पार होतात. हायड्रोजनचा आयन मात्र जाऊ शकत नाही, हे आश्चर्य होय. कारण साध्या पाण्याच्या रांगेतून तो एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी घेत सहज जातो. वाटेच्या मध्यभागी रेणूला आपले तोंड फिरवावे लागते आणि उड्यांची साखळी तेथे तुटते. मूत्रपिंडातील संग्राहक नलिकांच्या पेशी तर गरजेप्रमाणे अशा वाटा पटलात बसवितात व काढून घेतात, आणि त्यांस तशी आज्ञा देणारे संप्रेरक पोष ग्रंथीच्या पश्चखंडातूनच येते. उसिंग यांना १९५३ मध्ये बेडकाच्या त्वचेत जे दिसले होते, त्याचा उलगडा असा चाळीस वर्षांनी झाला. मनुष्याच्या मूत्रपिंडांत दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो व त्यातील दीड-दोन लिटर सोडून बाकीचा परत घेतला जातो. या सर्व परतीत पाण्याला खेचणारा कोणताही पंप नाही. पंप आहेत ते क्षारांचे. पाणी मागाहून जाते.

वनस्पतिपेशी व प्राणिपेशी यांतील फरक थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वत्र आढळतो. वनस्पतिपेशीस पटलाबाहेर ताठ भित्ती असते. आत शिरणारे पाणी तिच्यावर दाब टाकते, भित्ती उलट दाब देते, आणि ओघ थांबतो. पाने ताठ राहतात ती या दाबामुळे. प्राणिपेशीस अशी भित्ती नाही. रक्तद्रवाचा एकूण परासरणदाब शरीराच्या तापमानास सात वातावरणांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ७५ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका भरतो. तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली तर एवढ्या दाबातील तफावतीला तिचे नाजूक पटल टिकू शकत नाही, ती फुटते. शिरेवाटे शुद्ध पाणी देत नाहीत, ०.९ टक्का मिठाचे पाणी देतात, ते याकरिता.

येथे परिभाषेचा एक खरा सापळा आहे. रक्ताइतकेच रेणू असलेल्या द्रावणास पाठ्यपुस्तक ‘समपरासारी’ म्हणते आणि त्यात पेशीचा आकार बदलत नाही असे सांगते. मिठाच्या बाबतीत हे खरे आहे. तितक्याच रेणूंचे युरियाचे द्रावण घेतले, तर तांबड्या पेशी त्यात फुटतात. कारण युरिया पटलातून सहज आत जातो; पटल त्यास परतवीत नाही, म्हणून धक्का नाही, दाबाची घट नाही, आणि पेशीच्या आतील पदार्थांच्या बाजूने मात्र घट कायम असते. द्रावणांची तुलना केवळ रेणुसंख्येने करणे ही एक गोष्ट, आणि एखाद्या पटलाच्या संदर्भात करणे ही दुसरी. इंग्रजीत या दोहोंसाठी भिन्न शब्द आहेत. मराठीत एकाच शब्दावर दोन्ही ओझी लादल्यामुळे अनुवादक चुकतो, आणि तो चुकला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. रेणुसंख्येच्या तुलनेस ‘समपरासारी’ ठेवावे, आणि पटलसापेक्ष तुलनेस ‘समताण’ किंवा तत्सम वेगळा शब्द योजावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. ‘समताण’ द्विस्थानी विशेषण नव्हे, त्रिस्थानी आहे: हे द्रावण, त्या द्रावणाशी, अमुक पटलासाठी. संज्ञेच्या व्याख्येत ही तिन्ही स्थाने भरल्याशिवाय ती कोशात घेऊ नये.

ही काटेकोरी निव्वळ पंडिती नव्हे, हे अतिसाराच्या उपचारावरून दिसते. पटकीत आतड्याच्या पेशी क्लोराइड आतड्याच्या पोकळीत सोडत राहतात, क्षारांमागून पाणी जाते, आणि रोगी काही तासांत शुष्क होतो. नुसते पाणी पाजल्याने ते पुरेसे शोषले जात नाही. परंतु याच पेशींत सोडियम व ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी एक वाट असते (१९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना मांडली), आणि पटकीत ती शाबूत राहते. जोडी आत गेली, की पाणी तिच्यामागून आत जाते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासितांमध्ये शिरेवाटे द्यावयाचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून तोंडाने देण्यास आरंभ केला. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूंचे प्रमाण त्या उपचाराखालील रोग्यांत ४ टक्क्यांच्या खाली आले.

आता ओढीच्या भाषेने येथे काय होते ते पाहा. ‘साखर व मीठ पाणी ओढून धरतात’ असे सांगितले, की ऐकणाऱ्याचा स्वाभाविक निष्कर्ष ‘मग थोडी अधिक घातली तर अधिक चांगले’ असा होतो. तो घातक आहे. जोडीची वाट जेवढे ग्लुकोज नेऊ शकते त्याहून अधिक झाले, की उरलेले पोकळीतच राहते. तेथे पटल त्यास अडविते, आणि पाण्याचा ओघ शरीरातून पोकळीकडे उलटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये या मिश्रणाची एकूण तीव्रता लिटरला ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलपर्यंत खाली आणली, ती जुलाबाचे प्रमाण कमी होते असे दिसल्यामुळेच. घरगुती मिश्रणात एक लिटर स्वच्छ पाण्यास सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, असे जे प्रमाण सांगतात, त्यातील ‘सपाट’ हा शब्द म्हणून महत्त्वाचा आहे. आरोग्यसेविकेच्या पत्रकात तो गाळला जाऊ नये.

शेवटी ‘पाणी सुटणे’कडे पुन्हा वळतो. मराठीत काकडीला पाणी सुटते, मीठ लावलेल्या कैरीला खार सुटतो, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, आणि चिंच पाहून तोंडाला पाणी सुटते. रूप सारखे असले तरी घटना एक नाहीत. मिठाला सुटणारे पाणी हवेतील बाष्पाचे असते. तेथे पटल नाही, म्हणून परासरणही नाही. तोंडाला सुटणारे पाणी मात्र शंभर टक्के आपल्या विषयातले आहे: लाळग्रंथीच्या पेशी क्षार नलिकेच्या पोकळीत सोडतात आणि पाणी ॲक्वापोरिनच्या वाटांनी त्यांच्यामागून जाते, हे प्रथिन नसलेल्या उंदरांत लाळ बरीच कमी व दाट होते असे प्रयोगांत दिसून आले आहे. वर उल्लेखिलेल्या पुस्तिकेच्या पुढील आवृत्तीसाठी प्रस्तुत लेखकाने ते वाक्य पुन्हा लिहून दिले: ‘पेशीचे पटल मिठाला अडविते, त्यामुळे पेशीतील पाणी मिठाच्या बाजूस लोटले जाते व काकडीला पाणी सुटते.’ पदार्थविज्ञानाच्या त्या प्राध्यापकांनी ‘लोटले जाते’खाली रेघ मारली, समासात ‘चालेल’ असे लिहिले, आणि ‘अडविते’पुढे ‘परतविते’ सुचविले. तो बदल स्वीकारला आहे.